दैनंदिन चुका आणि शकुन-अपशकुनांमागील मनाचा शोध घेणारे सिग्मंड फ्रॉईड

माणूस बोलता बोलता भलताच शब्द उच्चारतो, रोजच्या परिचयातील व्यक्तीचे नाव ऐनवेळी विसरतो, जपून ठेवलेली वस्तू त्याला सापडत नाही आणि टपालपेटीत टाकायचे पत्र कित्येक दिवस त्याच्या खिशातच राहते. मांजर आडवे गेले म्हणून तो क्षणभर थबकतो, एखादा अंक अशुभ मानून टाळतो. या गोष्टी क्षुल्लक समजून सोडून देण्याचीच सर्वसाधारण रीत आहे. मात्र त्यांनाही अर्थ असतो आणि तो माणसाच्या मनातच दडलेला असतो, असा विचार मांडून त्याचा पद्धतशीर पाठपुरावा केला तो व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉईड यांनी. मनोविश्लेषणाचे जनक म्हणून ते जगाला परिचित आहेत. तथापि, अंधश्रद्धेची उकल करणाऱ्या या चिकित्सकाला स्वतःलाच अनेक वर्षे काही अंकांची धास्ती वाटत होती, ही बाब तितकीशी परिचित नाही.

फ्रॉईड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराविया प्रांतातील फ्रायबर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेले हे गाव आता चेक प्रजासत्ताकात असून प्रशिबोर या नावाने ओळखले जाते. त्यांचे वडील याकोब लोकरीचे व्यापारी होते. आई अमालिया वडिलांपेक्षा सुमारे वीस वर्षांनी लहान होत्या आणि या पहिल्या अपत्यावर त्यांचा विशेष जीव होता. बाळाच्या जन्माच्या वेळी एका वृद्ध शेतकरी स्त्रीने हा मुलगा थोर पुरुष होईल, असे भाकीत वर्तवले होते. ही गोष्ट घरात वारंवार सांगितली जात असे. पुढे फ्रॉईड यांनी आपल्या ग्रंथात तिचा उल्लेख करताना, अशी भाकिते वर्तवणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि ती आनंदाने ऐकणाऱ्या माता जगात पुष्कळ असतात, अशी मिस्कील पुस्तीही जोडली. मात्र आपली मोठेपणाची आस त्या भाकितातून आली असावी का, हा प्रश्नही त्यांनी स्वतःला विचारला होता.

व्यापार मंदावल्यामुळे हे कुटुंब १८५९ मध्ये लाइपझिगला आणि १८६० मध्ये व्हिएन्नाला आले. तेथे ते सामान्य परिस्थितीत राहू लागले. वडिलांनी सांगितलेली एक आठवण लहानग्या सिग्मंडच्या मनात कायमची रुतून बसली. तरुणपणी रस्त्याने जाताना एका ख्रिस्ती माणसाने वडिलांची नवी टोपी चिखलात फेकून त्यांना रस्त्यावरून बाजूला होण्यास फर्मावले होते. त्यावर काय केले, असे मुलाने विचारता, आपण मुकाट्याने टोपी उचलली, असे वडिलांनी सांगितले. वडिलांविषयीचा आदर आणि त्यांच्या या नमतेपणाविषयीची निराशा, अशा दोन भावना मुलाच्या मनात एकत्र नांदू लागल्या. एकाच व्यक्तीविषयी प्रेम आणि रोष या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे सूत्र फ्रॉईड यांच्या विचारात पुढे मध्यवर्ती ठरले.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश घेतला. प्राध्यापक अर्न्स्ट ब्र्युके यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जलचरांच्या मज्जापेशींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. ब्र्युके यांची शिस्त कठोर होती. निसर्गात कोणतीही गोष्ट कारणावाचून घडत नाही, हा धडा फ्रॉईड यांनी तेथेच गिरवला आणि पुढे तो मनाच्या व्यवहारांनाही लागू केला. १८८१ मध्ये त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. दुसऱ्या वर्षी मार्था बर्नेज यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. परंतु संसार चालवण्याइतके उत्पन्न नसल्याने प्रत्यक्ष विवाहासाठी १८८६ सालापर्यंत थांबावे लागले.

दरम्यान, १८८४ मध्ये त्यांनी कोकेन या त्या वेळी नव्या समजल्या जाणाऱ्या द्रव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या गुणांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरीकरणासाठी त्याचा उपयोग होतो, हे सिद्ध करण्याचा मान मात्र त्यांचे सहकारी कार्ल कोलर यांना मिळाला. मॉर्फीनच्या व्यसनातून सोडवण्यासाठी फ्रॉईड यांनी ज्या मित्राला कोकेन घेण्याचा सल्ला दिला, ते अर्न्स्ट फॉन फ्लाइशल-मार्क्सो कोकेनच्याही आहारी गेले. या घटनेची टोचणी त्यांना दीर्घकाळ लागून राहिली आणि त्यांच्या स्वप्नांत ती पुन्हा पुन्हा डोकावत राहिली.

ऑक्टोबर १८८५ पासून काही महिने त्यांनी पॅरिसमध्ये ज्याँ-मार्तँ शार्को यांच्याकडे काढले. शरीरात कोणताही बिघाड नसताना केवळ कल्पनेच्या प्रभावाने हातपाय लुळे पडू शकतात आणि संमोहनाच्या अवस्थेत ते पूर्ववत होऊ शकतात, हे शार्को यांनी रुग्णांवर दाखवून दिले होते. व्हिएन्नाला परतल्यावर फ्रॉईड यांनी १८८६ मध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. ज्येष्ठ चिकित्सक योझेफ ब्रॉयर यांच्यासह त्यांनी लिहिलेला उन्मादविषयक ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाला असह्य झालेली आठवण जाणिवेबाहेर ढकलली जाते, पण ती नाहीशी होत नाही आणि वेगळे रूप घेऊन परत येते, हा त्यातील विचार होता. या ढकलण्याच्या क्रियेला दमन आणि त्या अंधाऱ्या कप्प्याला अबोध मन, अशा संज्ञा मराठीत रूढ आहेत.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर फ्रॉईड यांनी स्वतःच्याच मनाची तपासणी आरंभली. रात्रीची स्वप्ने आणि दिवसाच्या चुका हे दोन मार्ग त्यांनी त्यासाठी निवडले. स्वप्नांवरील त्यांचा ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाजारात आला. त्याच्या केवळ ६०० प्रती छापण्यात आल्या आणि त्या संपण्यास सुमारे आठ वर्षे लागली. दिवसाच्या चुकांविषयीचे लेखन १९०१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आणि १९०४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. 'दैनंदिन जीवनातील मनोविकृती' असे त्याच्या नावाचे मराठी रूपांतर करता येईल. या पुस्तकाला मात्र वाचकांचा उदंड प्रतिसाद लाभला. प्रत्येक आवृत्तीत नवनवी उदाहरणे जोडली गेली आणि मूळचे छोटे पुस्तक काही पटींनी वाढले. १९०९ मध्ये फ्रॉईड व्याख्यानांसाठी अमेरिकेला निघाले असता, जहाजावरील आपल्या खोलीची व्यवस्था पाहणारा सेवक हेच पुस्तक वाचत असल्याचे त्यांना आढळले. आपले नाव विद्वानांच्या वर्तुळाबाहेर पोहोचले आहे, याची जाणीव त्यांना त्या वेळी झाली.

या पुस्तकातील उदाहरणे साध्यासुध्या व्यवहारांतील आहेत. ऑस्ट्रियाच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी एकदा अधिवेशनाचा प्रारंभ करताना, सभा संपली असल्याचे जाहीर केले. जीभ घसरली, एवढेच त्यावर कोणीही म्हणेल. फ्रॉईड यांच्या मते, त्या सभेतून काही चांगले निष्पन्न होणार नाही अशी अध्यक्षांची खात्री होती आणि ती संपावी, ही मनातली इच्छाच त्यांच्या मुखातून बाहेर पडली.

स्वतः फ्रॉईड यांच्या विस्मरणाचे एक उदाहरण तर या विषयाचा आरंभबिंदू मानले जाते. १८९८ मध्ये ते एका अनोळखी सहप्रवाशाबरोबर गाडीतून हर्जेगोव्हिनाकडे निघाले होते. इटलीतील ऑर्व्हिएतो येथील चर्चमधील प्रख्यात भित्तिचित्रांचा विषय निघाला, पण ती रंगवणाऱ्या सिन्योरेल्ली यांचे नाव त्यांना काही केल्या आठवेना. त्याऐवजी बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफियो ही अन्य दोन चित्रकारांची नावे ओठांवर येत राहिली.

पुढे त्यांनी या विस्मरणाचा माग काढला. हा विषय निघण्यापूर्वी गाडीत बोस्नियातील तुर्कांविषयी बोलणे चालले होते. रुग्ण वाचणार नाही असे सांगितल्यावरही हे लोक डॉक्टरांना आदराने महाशय असे संबोधून नशिबाचा निर्णय शांतपणे स्वीकारतात, असे फ्रॉईड यांनी एका डॉक्टरांकडून ऐकले होते. त्याच संदर्भातील मृत्यू आणि कामजीवनाशी निगडित एक गोष्ट परक्या माणसासमोर नको, म्हणून त्यांनी सांगण्याचे टाळले. काही आठवड्यांपूर्वी त्राफॉय या गावी असताना त्यांना आपल्या एका रुग्णाने आत्महत्या केल्याची वार्ताही समजली होती. महाशय या अर्थाचा जर्मन शब्द हेर असा आहे आणि इटालियन शब्द सिन्योर असा आहे. हर्जेगोव्हिना या नावाच्या जर्मन उच्चाराचा आरंभही हेर या अक्षरांनीच होतो. मनाने मृत्यूचा विषय दाबला आणि त्याला चिकटलेले सिन्योरेल्ली हे नावही त्याच्याबरोबर खाली गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आठवलेल्या चुकीच्या नावांतील 'बो' हे अक्षर बोस्नियाकडे आणि 'त्राफियो' हे अक्षरसमूह त्राफॉयकडे बोट दाखवत होते.

विस्मरणामागे नेहमी दुःखच असते असे नाही. कधी स्वार्थही असतो. बर्लिन येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ विल्हेल्म फ्लीस हे फ्रॉईड यांचे अनेक वर्षांचे जिवलग मित्र होते. प्रत्येक माणसात स्त्री आणि पुरुष या दोन्ही प्रवृत्ती असतात, ही कल्पना फ्रॉईड यांनी एकदा फ्लीस यांच्यापुढे स्वतःची म्हणून मांडली. हीच गोष्ट आपण अडीच वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितली होती आणि तेव्हा तुम्ही ती मान्य केली नव्हती, याची आठवण फ्लीस यांनी करून दिली. फ्रॉईड यांना तो संवाद मुळीच आठवत नव्हता. आठवडाभराने तो सारा प्रसंग स्मरणात आला. श्रेय सोडून देणे जिवावर येते म्हणून स्मृती सोयीस्करपणे रिकामी होते, असे त्यांनी पुस्तकात नमूद केले. हा प्रसंग लिहून ठेवल्याने त्यांची प्रतिष्ठा वाढण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही त्यांनी तो वगळला नाही.

हातून होणाऱ्या नुकसानीविषयीही त्यांचे निरीक्षण असेच होते. त्यांच्या बहिणीने एकदा त्यांच्या नव्याने मांडलेल्या लेखनाच्या मेजाचे कौतुक केले, पण दौत तेवढी या मेजाला शोभत नाही, असा शेराही मारला. त्यानंतर काही तासांतच फ्रॉईड यांच्या हाताच्या धक्क्याने दौतीचे संगमरवरी झाकण खाली पडून फुटले. शेजारच्या नाजूक मूर्तींना मात्र त्याच हाताचा जराही स्पर्श झाला नाही. बहीण आपल्याला नवी दौत भेट देणार, असा अंदाज मनाने आधीच बांधला होता आणि हाताने जुनीचा निकाल लावला, असे त्यांनी या प्रसंगाचे स्पष्टीकरण दिले.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. त्यांच्या थोरल्या कन्येचा आजार बळावला होता आणि ती वाचेल याची आशा उरली नव्हती. एके दिवशी सकाळी तिच्या प्रकृतीला उतार पडल्याचे समजले. त्याच सकाळी घरातून जाताना फ्रॉईड यांनी अचानक ऊर्मी येऊन पायातील सपाता भिंतीकडे भिरकावली आणि कोनाड्यावरील व्हीनसची सुंदर संगमरवरी मूर्ती खाली पडून तिचे तुकडे झाले. मौल्यवान वस्तू गमावूनही त्यांना यत्किंचित वाईट वाटले नाही. मूर्ती फोडणे हे मुलीचे प्राण वाचल्याबद्दल नियतीला वाहिलेले बलिदान होते, असा अर्थ त्यांनी लावला. भारतीय वाचकाला यात फेडलेला नवस दिसेल. देवधर्म न मानणाऱ्या या चिकित्सकाच्या हाताने, मनाला विचारल्याशिवाय, तो नवस फेडला होता.

याच पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात फ्रॉईड अंधश्रद्धेकडे वळतात. त्यासाठी त्यांनी घोडागाडीच्या चालकाचे उदाहरण घेतले आहे. एका नव्वदीतील वृद्ध महिलेला तपासण्यासाठी ते नेहमी जात असत. एके दिवशी गाडीवानाने त्यांना शेजारच्या समांतर रस्त्यावरील त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या घरापुढे नेऊन उतरवले. अंधश्रद्ध माणूस यात त्या वृद्धेच्या मृत्यूची पूर्वसूचना पाहील. फ्रॉईड यांनी तो योगायोग मानला, कारण चूक त्यांची स्वतःची नसून गाडीवानाची होती. तेच, आपण स्वतः पायी चालत विचारांच्या नादात चुकीच्या घरापुढे पोहोचलो असतो, तर त्याला योगायोग म्हटले नसते, असे ते सांगतात. या फेरीनंतर ती वृद्धा पुन्हा दिसणार नाही, ही आपल्याच मनातील अपेक्षा त्या चुकीतून व्यक्त झाली, असा अर्थ त्यांनी लावला असता.

या उदाहरणात फ्रॉईड यांच्या विचाराचे सार सामावलेले आहे. बाहेरच्या जगात योगायोग घडतात, हे त्यांना मान्य होते. मनाच्या आत मात्र योगायोग नसतो, असे ते मानत. अंधश्रद्ध माणसाची भूमिका नेमकी उलटी असते. आपल्या चुका आणि विस्मरणे तो निरर्थक समजतो आणि बाहेरच्या घटनांत अर्थ शोधतो. अर्थ असतो अशी जी अंधुक जाणीव त्याला असते, ती फ्रॉईड यांच्या मते खरीच असते. केवळ तो अर्थ चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. माणसाच्या मनात इतरांविषयी दडपलेला रोष असतो. तो स्वतःशीही कबूल करता येत नाही. त्या रोषाची शिक्षा आपल्याला मिळेल, ही भीती मग बाहेरून येणाऱ्या संकटाच्या अपेक्षेचे रूप घेते. दुष्ट शक्ती, अपशकुन, दैवी कोप यांची मोठी दुनिया माणसाने आपल्याच मनातून बाहेर काढून जगावर टाकलेली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा सिद्धांत मांडणारे फ्रॉईड स्वतः त्याला अपवाद नव्हते. फ्लीस यांचा असा समज होता की, माणसाचे आयुष्य २३ आणि २८ दिवसांच्या आवर्तनांनी बांधलेले असते. या दोन संख्यांची बेरीज ५१ होते आणि म्हणून ५१वे वर्ष पुरुषांना घातक असते, ही धारणा फ्रॉईड यांच्या मनात घर करून बसली. पुढे १८९९ मध्ये, स्वप्नांवरील ग्रंथ पूर्ण झाला त्या सुमारास, त्यांना १४३६२ हा नवा दूरध्वनी क्रमांक मिळाला. त्यांचे वय तेव्हा ४३ वर्षे होते. क्रमांकातील ४३ हे आकडे आपल्या वयाचे, तेव्हा उरलेले ६२ हे आकडे मृत्यूच्या वर्षाचे असले पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले.

१९०४ मध्ये धाकटे बंधू अलेक्झांडर यांच्यासमवेत ते ग्रीसला गेले. त्या प्रवासात ६१ किंवा ६२ हे आकडे त्यांना गाडीवर, तिकिटांवर, जिकडेतिकडे दिसू लागले आणि त्यांनी त्यांची नोंदही ठेवली. अथेन्सच्या हॉटेलात पहिल्या मजल्यावरील खोली मिळाली, तेव्हा ६१वा क्रमांक तेथे असणे शक्य नव्हते. पण खोलीचा क्रमांक निघाला ३१, म्हणजे ६२ची निम्मी संख्या. याच प्रवासात अक्रोपोलिसवर उभे असताना, हे ठिकाण खरोखरच अस्तित्वात आहे यावर विश्वास बसू नये, असा विलक्षण अनुभव त्यांना आला. त्याचा उलगडा त्यांनी ३२ वर्षांनंतर, १९३६ मध्ये लिहिलेल्या एका लेखात केला. लोकर विकणाऱ्या वडिलांना जे कधी पाहता आले नाही तेथे आपण पोहोचलो, या आनंदावर अपराधी भावनेची सावली पडली होती, असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

अंकांची ही कहाणी त्यांनी एप्रिल १९०९ मध्ये आपले तरुण सहकारी कार्ल युंग यांना पत्राने कळवली. त्याआधी युंग व्हिएन्नाला आले असताना फ्रॉईड यांच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटातून मोठा आवाज झाला होता आणि युंग यांनी त्यामागे गूढ शक्ती असल्याचे सुचवले होते. फ्रॉईड यांनी ते लगेच नाकारले नाही. पुढचे काही दिवस त्यांनी कान देऊन ऐकले. युंग गेल्यावरही लाकूड करकरतच राहिले, तेव्हा त्यांनी गूढाचा नाद सोडला. पत्रात त्यांनी स्वतःच्या अंकभीतीचेही विश्लेषण केले. स्वप्नांचा ग्रंथ लिहून झाल्यावर आपले जीवितकार्य संपले असून आता मरण आले तरी चालेल, ही भावना मनात होती. एकदा मनाने अंक धरला की डोळे तोच अंक टिपतात आणि बाकीचे शेकडो आकडे नजरेआड होतात, हे त्यांनी ओळखले होते. यातील निरीक्षणाचा भाग पुढील काळातील मानसशास्त्रानेही मान्य केला आहे. आपल्या समजुतीला पुष्टी देणारे पुरावे माणूस वेचून घेतो, हे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे.

कारण समजल्याने भीती पूर्णपणे गेली नाही. पहिले महायुद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९१८ मध्ये आपला मृत्यू होणार, अशी त्यांची धारणा होती. तो महिना सुखरूप पार पडला, त्यानंतरचे ६२वे वर्षही सरले. १९१९ मध्ये त्यांनी अनाकलनीय भीतीच्या भावनेवर एक निबंध लिहिला. एकाच दिवसात ६२ हा अंक पुन्हा पुन्हा समोर आला, तर माणसाला त्यात आपल्या आयुर्मर्यादेचा संकेत दिसू लागतो, असे उदाहरण त्यात आहे. तो माणूस कोण, हे त्यांनी तेथे सांगितलेले नाही.

अंक आपोआप सुचत नाही, हे दाखवण्यासाठी पुस्तकात आणखी एक उदाहरण आहे. स्वप्नांच्या ग्रंथाची मुद्रिते तपासून झाल्यावर, आता यात २४६७ चुका राहिल्या तरी बदल करणार नाही, असे त्यांनी फ्लीस यांना गमतीने कळवले. नंतर त्यांनी याच संख्येची उकल केली. २४वा वाढदिवस त्यांना लष्करी सेवेत असताना, परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल अटकेत काढावा लागला होता. ४३ या चालू वयात आणखी २४ मिळवले की ६७ होतात. आणखी २४ वर्षे काम करण्यास मिळावीत, ही इच्छा त्या संख्येत लपली होती. ६७वा वाढदिवस १९२३च्या मे महिन्यात आला आणि त्याच्या केवळ काही दिवस आधी त्यांच्या तोंडातील कर्करोगावर पहिली शस्त्रक्रिया झाली. यात पूर्वसूचना पाहण्याचा मोह कोणालाही होईल. फ्रॉईड यांच्याच कसोटीने मात्र हा बाहेरच्या जगातील निव्वळ योगायोग ठरतो.

त्यानंतरची सोळा वर्षे त्यांनी वेदनेत काढली. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम भाग बसवावा लागला. कन्या सोफी १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावली होती. तिचा चार वर्षांचा मुलगा १९२३ मध्ये गेला. तरीही रुग्णांची तपासणी आणि लेखन सुरूच राहिले. धर्म ही माणसाच्या असहायतेतून आणि इच्छांतून जन्मलेली कल्पना आहे, असे मांडणारे त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९३० मध्ये त्यांना फ्रँकफर्ट शहराचा गटे पुरस्कार प्राप्त झाला.

फ्रॉईड कधीही भारतात आले नाहीत, परंतु त्यांचे विचार येथे लवकर पोहोचले. कोलकाता येथील डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी दमन या विषयावरील आपला प्रबंध त्यांना पाठवला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. दोघांची प्रत्यक्ष भेट झाली नाही, मात्र पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. बोस हे निव्वळ अनुयायी नव्हते. प्रत्येक इच्छेच्या जोडीला तिच्या विरुद्ध इच्छा मनात असते, हा त्यांचा स्वतंत्र सिद्धांत होता आणि तो त्यांनी फ्रॉईड यांच्यापुढे निःसंकोचपणे मांडला. १९३१ मध्ये, फ्रॉईड यांच्या ७५व्या वाढदिवसाच्या निमित्ताने, भारतीय संस्थेने त्यांना हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली. प्राचीन मूर्तींचा मोठा संग्रह असलेल्या फ्रॉईड यांनी तिला आपल्या लेखनाच्या मेजावर स्थान दिले.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी त्यांच्या पुस्तकांची होळी केली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत सामील करण्यात आले आणि कन्या अ‍ॅना यांना गेस्टापोने एक दिवस चौकशीसाठी नेले. त्यानंतरच फ्रॉईड देश सोडण्यास राजी झाले. राजकन्या मारी बोनापार्त आणि अन्य हितचिंतकांच्या प्रयत्नांनी ४ जून १९३८ रोजी त्यांनी कुटुंबीयांसह व्हिएन्ना सोडले. मागे राहिलेल्या त्यांच्या चार वृद्ध भगिनी नाझींच्या छळछावण्यांत मृत्यू पावल्या; ते पाहण्यास फ्रॉईड हयात नव्हते. लंडन येथे २३ सप्टेंबर १९३९ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेदना असह्य झाल्यावर, पूर्वी ठरल्याप्रमाणे, त्यांचे डॉक्टर मॅक्स शूर यांनी मॉर्फीन देऊन त्यांना शांत केले. ज्या ५१, ६१ आणि ६२ या वर्षांची त्यांनी धास्ती घेतली होती, ती केव्हाच मागे पडली होती.

त्यांच्या निष्कर्षांना पुढे अनेकांनी आव्हान दिले. इटालियन भाषाभ्यासक सेबास्तियानो तिंपानारो यांनी १९७४ मध्ये, फ्रॉईड यांनी दिलेल्या कित्येक चुका शब्दांच्या साम्यातून सहज स्पष्ट होतात, त्यासाठी दडपलेल्या इच्छेची गरज नाही, असे दाखवून दिले. बोलण्यातील बहुसंख्य चुका अक्षरांची अदलाबदल आणि जवळच्या शब्दांची ओढ यांतून होतात, असे भाषाशास्त्र मानते. दुसरीकडे, मायकेल मॉटली आणि बर्नार्ड बार्स या अमेरिकन संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विजेचा धक्का बसेल अशी भीती घातलेल्या व्यक्तींच्या तोंडून विजेशी संबंधित चुकीचे शब्द अधिक प्रमाणात निघाल्याचे आढळले. मनात घोळणारी गोष्ट जिभेवर येऊ शकते, इतके त्यातून स्पष्ट होते. प्रत्येक चुकीमागे दडपलेली इच्छा असते, हे मात्र सिद्ध होत नाही.

तरीही रोजच्या जगण्यातील वागणुकीकडे पाहण्याची दृष्टी फ्रॉईड यांच्यामुळे बदलली, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. मनात एक आणि ओठावर दुसरे आले की, तो उच्चार आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतरांच्या भ्रमांची चिकित्सा करणारे पुष्कळ असतात. स्वतःची चोरटी विस्मरणे, फोडलेली मूर्ती, अंकांची भीती हे सारे लिहून ठेवून ते तपासणीसाठी पुढे करणारे थोडे. लंडनमधील त्यांच्या अखेरच्या घरात १९८६ पासून संग्रहालय आहे. लेखनाचे मेज, रुग्णांचा कोच आणि देशोदेशीच्या प्राचीन मूर्ती तेथे जतन करण्यात आल्या आहेत. माणसाने आपली भीती आणि इच्छा यांना दिलेली ही रूपे आहेत, असे मानणारा हा अभ्यासक आयुष्यभर त्यांच्याच सान्निध्यात बसून लिहीत राहिला.